सुस्काऱ्याची दुरुस्ती

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझं एकच वाक्य असं झालं की जे मुलांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी. अक्षांश-रेखांश मुलं परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतात आणि राजधान्या तर परीक्षेच्या आदल्या दिवशीच. पण भूकंपाच्या धड्यातलं ते वाक्य गावात कोणालाही विचारा, घडाघडा म्हणून दाखवतील. ‘लहान धक्का म्हणजे जमिनीचा सुस्कारा. सुस्कारा टाकला की जीव हलका होतो, मग मोठा धक्का येत नाही.’ ‘हलका होतो’ म्हटल्यावर मी जरा थांबायचे आणि सगळा वर्ग माझ्याबरोबर थांबायचा. पाठ्यपुस्तकात ते नव्हतं. ते माझं स्वतःचं होतं, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

ते चूक आहे हे मला कळलं तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. कळलं तेही माझ्याच वर्गात, शेवटच्या बाकावर बसून.

त्याचं असं झालं की भूकंप संशोधन केंद्राने आमच्या शाळेला एक पेटी दिली. पोळपाटाएवढी काळी पेटी, जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत जमिनीला बोल्ट मारून बसवलेली. जमीन जराशी हलली तरी ती टिपायची आणि शेजारच्या संगणकावर रेघ काढायची. पेटीबरोबर दर पंधरा दिवसांनी एक संशोधक मुलगी यायची आणि आठवीच्या वर्गाला दोन तास शिकवायची. तिशीतली, पाठीवर सॅक, केसांत पेन्सिल खोचलेली. मुलांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव पेटीताई ठेवलं. मला कोणी विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते, पण मुख्याध्यापकांनी मला न विचारता सही केली आणि मग मला सांगितलं, “बाई, तुमच्याच विषयाचं आहे.”

मुलांचं काम होतं रेघ वाचून वहीत नोंद करायची. किती वाजता हललं, किती, आणि कशामुळे. पहिल्या आठवड्यातल्या नोंदी मी जपून ठेवल्या आहेत. ‘अकरा वाजून पाच, मधली सुट्टी, आम्हीच.’ ‘दोन वाजून दहा, शिपाईमामांनी कपाट सरकवलं.’ ‘सव्वातीन, चित्रकलेचे सर जिना उतरले.’ सरांनी ती नोंद वाचली आणि दोन दिवस मुलांशी बोलले नाहीत.

पेटीताईचा नियम एकच होता. कारण कळलं नाही तर ‘माहीत नाही’ लिहायचं, मनाचं काहीतरी ठोकून द्यायचं नाही. मुलांना हा नियम फार आवडला. माझ्या तपासलेल्या पेपरांत ‘माहीत नाही’ लिहिणाऱ्याला आजवर शून्याखेरीज काही मिळालं नव्हतं.

मग खरेच धक्के यायला लागले. पंधरा दिवसांत अठरा. भांडी किणकिणायची, दिवे हलायचे, कुत्री भुंकायची आणि गप्प बसायची. मोठं नुकसान कुठेच झालं नाही, पण गावातल्या जुन्या भिंतींना तडे गेले. नगरपालिकेच्या माणसांनी घरं तपासून ज्या घरांचं खरं नव्हतं त्यांच्या दारावर पिवळे कागद चिकटवले: दुरुस्ती होईपर्यंत या घरात राहू नये, शाळेच्या सभागृहात सोय केली आहे. सभागृहात तीस गाद्या टाकल्या. झोपायला आली तीन कुटुंबं. नगरपालिकेला आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. गावाला अर्धं शहाणपण मी शिकवलं होतं ना.

अशा दिवसांत पेटीताईचा तो तास आला. मी मागच्या बाकावर हजेरीपट घेऊन बसले होते. तिने फळ्यावर माझा लाडका तक्ता बघितला. ज्वालामुखीचा आडवा छेद, खाली लाव्हाचा लालभडक समुद्र, मी स्वतः रंगवलेला. ती म्हणाली, “चित्र छान आहे. पण खाली असा समुद्र नसतो. खालचा खडक घनच आहे, तापलेला, लाखो वर्षांच्या हिशोबाने अगदी सावकाश सरकणारा. वितळतो तो थोड्या जागी, आणि तोही थोडाच.” मग तिने एका ज्वालामुखीची नवी मापं दाखवली. उद्रेकाच्या आधी डोंगर काही सेंटीमीटर फुगला होता आणि उपग्रहाने ते टिपलं होतं. मुलांना लाव्हा बघायचा होता, त्यांची निराशा झाली. माझा समुद्र तर आटलाच होता, पण म्हटलं, ठीक आहे, तक्त्याला कोण विचारतं.

मग तिने सॅकमधून एक वीट काढली.

विटेखाली खरखरीत सँडपेपर, विटेला बांधलेलं इलास्टिक, आणि इलास्टिकचं दुसरं टोक एका रिळावर. रीळ हळूहळू फिरवायचं. इलास्टिक ताणत जातं, वीट हलत नाही, हलत नाही, आणि मग एकदम टुणकन सरकते. किती सरकली ते खडूने लिहायचं. पहिल्यांदा बोटभर. मग नखभर, पुन्हा नखभर, परत नखभर. ती म्हणाली, “लहान लहान अशी चारदा सरकली. आता पुढची मोठी की लहान? हात वर करा.” मुलांनी पैजा लावल्या. वीट वीतभर सरकली. पुन्हा केलं तर तीन लहानांनंतर चौथीही लहानच. वीस वेळा केलं. कोणालाही ओळखता आलं नाही, मलाही नाही, आणि मी मनातल्या मनात दर वेळी पैज लावत होते.

“इथे आल्यापासून एक वाक्य सगळीकडे ऐकते आहे,” पेटीताई म्हणाली. “रिक्षावाल्याने ऐकवलं, चहावाल्याने ऐकवलं. लहान धक्के आले की ताण निघून जातो म्हणे. कुठून आलं कोण जाणे, पण ते चूक आहे. तुम्हाला जाणवला न जाणवला असा एक धक्का घ्या. एका मोठ्या भूकंपाइतका ताण काढायला तसे दहा लाख लागतील. आपल्याकडे आलेत अठरा. उलट लहान धक्क्यानंतर मोठा यायची शक्यता काही दिवस जराशी वाढते. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा काही होत नाही. पण पाचेक वेळा होतं.”

चाळीस माना माझ्याकडे वळल्या. मी हजेरीपटात डोकं घातलं आणि आदल्या महिन्याची हजेरी मोजायला लागले.

पहिल्या बाकावरून टाचणी उठली. टाचणी म्हणजे आमच्या बाजारातल्या शिंप्याची मुलगी, अंगाने तशीच आणि प्रश्नांनीही तशीच. विटेचं इलास्टिक तिनेच दुकानातून आणलं होतं. “पण आमचे बाबा म्हणतात, मोठा येत नाही.”

“बाबांना कोणी सांगितलं?” पेटीताईने विचारलं.

टाचणीने माझ्याकडे बघितलं. फार नाही, क्षणभर. मग म्हणाली, “असंच कोणीतरी,” आणि खाली बसली.

तेरा वर्षांच्या पोरीने मला झाकलं. मला हायसं वाटलं, हे मी इथे कबूल करते, कारण पुढचं सगळं त्या हायसं वाटण्यातूनच झालं.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. काल आलेली मुलगी, एक वीट घेऊन येते आणि माझी अठ्ठावीस वर्षं टेबलावरून ढकलून देते. तिने वाचायला ठेवलेले शोधनिबंध मी घरी नेले, ते शिकायला नव्हे, तिची चूक काढायला. शब्दकोश घेऊन बसले. चार दिवस बसले. चूक सापडली नाही. पाचव्या दिवशी मला तिचं म्हणणं तिच्यापेक्षाही चांगलं सांगता आलं असतं, आणि तरी मी वर्गात जाऊन नद्यांचा धडा शिकवला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

सहाव्या दिवशी सकाळी एक धक्का आला, आधीच्यांपेक्षा थोडा जोराचा. शाळेत टाचणी उशिरा आली. कोपराला फडकं बांधलेलं, केसांत पांढरी भुकटी.

“काय झालं गं?”

“काही नाही बाई. भिंतीचा पोपडा पडला.”

“तुझ्यावर?”

“वहीवर पडला. मी बाजूलाच होते.”

मी तिला जिन्याखालच्या खोलीत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. विचारत गेले तसं तिने सांगितलं. दुकानावरच्या खोलीत ते दोघं राहतात, ती आणि बाबा. तिची खाट आतल्या भिंतीला लागून आहे. त्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा आहे, आता त्यात बोट जातं. पिवळा कागद लागला होता, तो बाबांनी त्याच संध्याकाळी काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकाची मापं लिहिली.

“पेटीताई काय म्हणाल्या ते तू त्यांना सांगितलं नाहीस?”

“सांगितलं.”

“मग?”

टाचणी फडक्याच्या गाठीशी चाळा करत राहिली. “ते म्हणाले, कालची पोरगी आपल्या बाईंपेक्षा शहाणी झाली का?”

मला बसायला जागा नव्हती, खुर्चीवर ती होती. मी पेटीवरच बसणार होते, तेवढ्यात तिने माझा हात धरला. “बाई, नोंद होईल,” ती म्हणाली.

मी केंद्रात फोन केला. पेटीताईला म्हटलं, तुझी वीट हवी आहे, आणि ते वाक्य माझं आहे. मग ती घाईघाईने म्हणाली, “बाई, त्या काळात तसंच मानायचे खूप जण. तुमची काही चूक नाही.” तिने मला पळवाट दिली. मी ती घेतली नाही, असं लिहायला छान वाटेल, पण खरं म्हणजे दोनेक मिनिटं घेतली आणि मग परत केली. तेव्हाही कोणी छापलं नव्हतं असं काही, आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं. मला ऐकायला बरं वाटलं म्हणून मी ते शिकवलं.

वीट, सँडपेपर आणि रीळ पेटीताईने दुपारपर्यंत शाळेत पाठवून दिलं, आणि शाळा सुटल्यावर मी ते सगळं पिशवीत घालून शिंप्याच्या दुकानात गेले.

शिंपी माझ्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. सगळ्या विषयांत कच्चा, पण हात असा की शाळेच्या नाटकाचे सगळे कपडे त्याने चौदाव्या वर्षी बेतले. त्याच वर्षी तो नापास झाला आणि वडिलांच्या मशीनवर बसला. मला बघून तो उठला, गळ्यातली टेप काढून खुर्ची पुसली.

“बाई, तुम्ही कशाला आलात? निरोप धाडायचा, मी माप घ्यायला आलो असतो.”

“मापाचं नाही रे. भिंत बघायला आले.”

त्याचा चेहरा उतरला. “पोरीने कागाळी केली वाटतं.”

“पोर काही बोलली नाही. मी विचारलं.”

“अहो बाई, तुम्हीच घाबरलात तर कसं व्हायचं?” तो हसला. “सगळ्या बाजाराला मी सांगतोय, घाबरू नका. नगरपालिकेचा साहेब आला होता, त्याला म्हटलं, साहेब, तुम्ही कोणाकडे शिकलात? आम्ही बाईंकडे शिकलोय.” आणि त्याने बेतायच्या टेबलाच्या काचेवरचं कापड बाजूला सारलं. “हे बघा. त्यालाही दाखवलं.”

काचेखाली वहीचं एक पिवळं पडलेलं पान होतं. घटक चाचणी. प्रश्न, लहान धक्क्यांचे महत्त्व सांगा. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत माझं वाक्य, ‘जीव हलका होतो’नंतर चांगली दोन बोटं जागा सोडलेली. आणि शेजारी लाल शाईत माझ्या हाताने, पाचपैकी पाच. शाब्बास.

“एवढे एकदाच मिळाले,” शिंपी म्हणाला. “बाकीची पानं आईने बंब पेटवायला घातली, हे मी ठेवलं.”

खोटं कशाला बोलू, मला परत जावंसं वाटलं. एखाद्याला शाळेतून मिळालेली एकुलती एक गोष्ट, आणि ती हिसकावून घ्यायला मीच यायचं. पण वर भिंत होती. मी पिशवीतून वीट काढली आणि त्या काचेवर, त्या पानाच्या बरोबर वर, सँडपेपर अंथरला.

“रीळ फिरव,” मी म्हटलं.

“हे काय बाई?”

“फिरव तर. इलास्टिक तुझ्याच दुकानातलं आहे.”

त्याने फिरवलं. शिंप्याचा हात तो, पेटीताईपेक्षा सफाईने फिरवला. वीट नखभर सरकली. पुन्हा नखभर. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “सुस्कारा.” मी रिळाकडे बोट दाखवलं. तो फिरवत राहिला. नखभर, बोटभर, नखभर, आणि मग वीट उसळून सरकली, कात्रीवर आदळली आणि कात्री खाली पडली.

कात्री उचलायला तो वाकला नाही. त्याने विटेजवळचं इलास्टिक दोन बोटांत धरून दाबून बघितलं, मग ओढून बघितलं. “ताण आहेच की अजून,” तो स्वतःशीच म्हणाला.

“माझं वाक्य चूक आहे,” मी म्हटलं. “लहान धक्क्याने जमीन हलकी होत नाही. झाली तरी इतकी थोडी की ती न झाल्यातच जमा. मी तुला चूक शिकवलं.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने समोरच्या ढिगातून एक शर्ट ओढला, बाहीची शिवण दोन्ही हातांनी ताणून धरली आणि दाताने एक टाका तोडला.

“हा टाका गेला,” तो म्हणाला. “आता कापड सैल झालं का? नाही झालं. ह्याचा भार शेजारच्या टाक्यावर गेला. तो टिकला तर टिकला. नाही टिकला तर सगळी शिवण सरसर उसवत जाते.” त्याने शिवण जरा ओढली आणि ती दोन बोटं उसवलीही. “असंच ना बाई? मग हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मशीनवर बसून तीस वर्षं होत आली.”

मी चार दिवस शब्दकोश घेऊन जे वाचलं होतं ते त्याने दाताने दोरा तोडून सांगितलं होतं. मी म्हटलं, “असंच. अगदी असंच.”

“ह्याला किती?”

“ह्याला मला मार्क देता येणार नाहीत. हे उत्तर मला येत नव्हतं.”

तो हसला नाही. त्याने वीट उचलून खाली ठेवली, काच सरकवली, पान काढून माझ्यासमोर ठेवलं आणि कानावरचा लाल पेन्सिलीचा तुकडा मला दिला. “मग हे पाच काढा बाई. पान घरातल्या ट्रंकेत असतं तर गोष्ट वेगळी. इथे गिऱ्हाइकं वाचतात.”

अठ्ठावीस वर्षांत मी हजारो शून्यं दिली, स्वतःला एकही नाही. पाचावर काट मारली. शून्य काढलं. खाली लिहिलं, चूक शिकवणाऱ्याची. सही केली.

“तारीख घाला,” शिंपी म्हणाला. “तारखेशिवाय मी काही घेत नाही.”

त्या संध्याकाळी मशीन, खाट आणि टाचणी सभागृहात आली. शिवायचे कपडे दोन फेऱ्यांत आले. शिपाईमामांनी व्यासपीठावर मशीनला जागा दिली आणि मशीन चालू झालं की जिन्याखालच्या पेटीवर बारीक झालर उमटायची. मुलांनी वहीत लिहिलं, ‘साडेपाच, टाचणीचे बाबा, बाह्या.’

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभं राहून सांगितलं. वह्या काढा, भूकंपाचा धडा, तिसरी ओळ, खोडा. कोणी हसलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. मग मी शिंप्याचं टाक्याचं उदाहरण सांगितलं आणि म्हटलं, आता हे लिहून घ्या. टाचणीने हात वर केला.

“बाई, हे नक्की का? की हेही पुढे खोडायचं?”

“पेन्सिलीने लिही,” मी म्हटलं. पोरांनी पेनं ठेवली आणि पेन्सिली काढल्या.

चौथ्या दिवशी शिंप्याकडे गवंडी आला. मीही गेले होते, टाचणीची राहिलेली पुस्तकं घ्यायला. वर जाऊ नका म्हणून गवंड्याने आम्हाला जिन्यातच थांबवलं. भिंतीला टेकू द्यायचा होता. त्याच्या माणसाने लाकूड भिंतीला लावलं आणि खालून पाचर ठोकली, एक, दोन. तिसऱ्या ठोक्याला माणूस मागे सरला. वरचा अर्धा भाग सावकाश पुढे झुकला आणि खाली आला.

धूळ खाली बसायला वेळ लागला. बसली तेव्हा जमिनीवर खाटेच्या चार पायांचे चार ठसे असायला हवे होते, ते दिसत नव्हते. तिथे गुडघाभर विटा होत्या. टाचणीच्या उशाकडची बाजू होती तिथे तर कमरेइतक्या.

जमीन हलली नव्हती. मी नंतर पेटीची रेघ बघितली, त्या वेळी फक्त चित्रकलेचे सर जिना चढत होते.

शिंपी माझ्या खालच्या पायरीवर उभा होता. त्याने जिन्याचा कठडा धरला होता आणि सोडत नव्हता. गवंडी स्वतःच्या माणसाला शिव्या देत होता, त्याला काही लागलं नव्हतं म्हणून देत होता. शिंपी म्हणाला, “पोरीला सांगू नका, कुठे पडली ते.”

“नाही सांगत.”

“ती बघेलच म्हणा.” त्याने गळ्यातली टेप काढली, नीट गुंडाळली आणि खिशात ठेवली. “बाई, ते वाक्य तुम्ही किती जणांना शिकवलंत?”

मी मनात हिशोब केला. दोन तुकड्या, तुकडीला चाळीस, अठ्ठावीस वर्षं. “दोन हजारांच्या वर.”

“नावं आहेत?”

“हजेरीपट आहेत शाळेत. सगळे.”

“सगळे आज नकोत,” तो म्हणाला. “ज्यांचे पिवळे कागद होते त्यांची घरं मला ठाऊक आहेत. मीच काढायला लावले त्यांना.” तो खाली गेला, वीट पिशवीत घातली आणि दुकानाला कुलूप लावलं.

पहिलं घर बेकरीवालीचं. बाजाराच्या टोकाला, वर राहायचं आणि खाली भट्टी, भट्टीमागची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली. दारावर पिवळ्या कागदाचा एक कोपरा अजून चिकटून होता. ही माझ्या दहाव्या वर्षाची, वर्गात सतत खायची म्हणून मी तिला दारात उभी करायचे. आता तीच दारात उभी राहिली, हाताला कोपरापर्यंत पीठ.

“अगंबाई, बाई तुम्ही! आत या ना,” ती म्हणाली. मग शिंप्याकडे आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघून हसली. “घाबरलात की काय दोघं? अहो, लहान धक्का म्हणजे जमिनीचा सुस्कारा. सुस्कारा टाकला की जीव हलका होतो…”

आणि ती थांबली. मी थांबायचे तितकीच. माझ्याच तालात, मान माझ्यासारखीच जराशी कलती करून.

तिला पुढचं म्हणू द्यायचं नव्हतं. “तेच दुरुस्त करायला आलेय,” मी म्हटलं. “ते चूक आहे. मीच चूक शिकवलं.”

ती एकदा माझ्याकडे आणि एकदा शिंप्याकडे बघत राहिली. आतून भट्टीची ऊब येत होती आणि मागे कोणीतरी ट्रे आपटत होतं.

“म्हणजे मोठा येणार?” तिने हळूच विचारलं.

अठ्ठावीस वर्षं तिच्यासारख्यांनी मला प्रश्न विचारले होते आणि मी कधी उत्तराशिवाय राहिले नव्हते.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “टेबलावर जरा जागा कर. आणि मग तुझी ती मागची भिंत दाखव.”

शिंप्याने पिशवीतून वीट काढली.